दोनदाच विचारलं!

डेल्मर क्विस्टनं आयुष्यात कशालाही पहिल्या फटक्यात 'हो' म्हटलेलं नाही. लग्नालासुद्धा नाही. तळ्याकाठच्या बाकावर बसून मार्लिसनं त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "छे छे, कशाला उगीच." मार्लिसही आमच्याच भागातली, म्हणून तिनं मनाला लावून घेतलं नाही. तिनं आणखी दोनदा विचारलं आणि जूनमध्ये लग्न लागलं. आमच्या उत्तर मिनेसोटात ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'तुम्हाला उगीच त्रास' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'आता केलीच असेल तर अर्धा कप' म्हणून चांगले तीन कप प्यायचे. पहिल्याच विचारण्याला जो 'हो' म्हणतो, तो एक तर बाहेरगावचा असतो किंवा त्याची तब्येत बरी नसते.

तर ह्या डेल्मरला आपला व्हेप, म्हणजे सिगरेटीऐवजी वाफ ओढायची ती बॅटरीवरची नळी, बरोबर घेऊन विमानानं टूसॉनला जायचं होतं. काम म्हणून पाहिलं तर इतकंच.

टूसॉनला, तिकडे दूर दक्षिणेच्या वाळवंटात, त्याची मुलगी कर्स्टिन राहते. अकरा महिन्यांपूर्वी तिनं फोन करून आपल्याला दिवस गेल्याचं सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, "बाबा, आजपासून सिगरेट बंद. एक जरी ओढलीस तर माझ्या बाळाला हातात घ्यायचं नाही. मी गंमत करत नाहीये." ती गंमत करत नव्हती हे डेल्मरला पक्कं ठाऊक होतं. त्याचे वडील एकसष्टाव्या वर्षी खोकून खोकून गेले, तेव्हा कर्स्टिन आठ वर्षांची होती आणि शेवटचे तीन आठवडे त्या खोलीच्या दाराशी बसून असायची. डेल्मरनं त्या फोननंतर राहिलेलं पाकीट शेगडीत घातलं. छत्तीस वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी तो व्हेप घेऊन आला आणि तेव्हापासून त्या बोटभर नळीतून बटरस्कॉचच्या वाफा सोडत त्यानं दिवस काढले. सिगरेटीला शिवला नाही. नात मारेन जन्मली ती ऐन डिसेंबरात. डेल्मरच्या हाती जिल्ह्याच्या बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक असतं, त्यामुळे फेब्रुवारी संपेपर्यंत त्याला हलता येईना. आता रविवारी मारेनचा बाप्तिस्मा होता आणि तिला हातात धरून उभं राहायचं काम आजोबांकडे होतं. गेल्या तीन महिन्यांत त्यानं पिठाची पिशवी छातीशी धरून घरभर फेऱ्या मारून सराव केला होता. मार्लिसनं हे पाहिलं होतं, पण तिनं तसं कधी दाखवलं नाही.

व्हेप विमानात कसा न्यायचा, हे डेल्मरनं चर्चच्या तळघरात, उपासनेनंतरच्या कॉफीच्या वेळी, शेजारच्या लॉइड बाकेला हळूच विचारलं. ही चूक झाली. लॉइडला ऐकू कमी येतं.

"व्हेप?" लॉइड ओरडला. "विमानात? तुझा तो गोड वासाचा?"

तळघरातल्या चाळीस माणसांनी माना वळवल्या. आमच्याकडची माणसं दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत नाक खुपसत नाहीत. फक्त मदत करतात. पाच मिनिटांत डेल्मरच्या भोवती अशी मदत गोळा झाली की त्याला आपली कॉफी टेबलावर ठेवायलाही जागा उरली नाही.

"सोपं आहे," लॉइड म्हणाला. "आतला रस गोठव. मी फ्लोरिडाला बहिणीकडे मासे नेले ना, तेव्हा तपासणीवरच्या पोरानं सांगितलं मला. दगडासारखं घट्ट गोठलेलं असलं की त्याला ते पातळ धरतच नाहीत. हवं तेवढं ने."

"अरे, गोठवतोस काय!" बर्निस टॉलफसन म्हणाली. ही बाई चर्चचं स्वयंपाकघर एकवीस वर्षं चालवतेय, त्यामुळे कुठल्याही पातळ पदार्थावर तिचं मत शेवटचं मानलं जातं. "शाम्पूच्या बाटलीत ओत. शाम्पूला कोण हात लावतंय?" मग पाद्रीबुवा जवळच उभे आहेत हे लक्षात येऊन तिनं आवाज खाली आणला. "म्हणजे खोटं बोलायचं नाही. नुसतं ओतायचं."

पाद्रीबुवांनी ते ऐकलं नाही असं ठरवलं. "ते यंत्र मात्र लोकरी मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका," ते म्हणाले. "माझा दाढीचा वस्तरा मी तसाच नेतो. विमानाच्या पोटात एकदा गेलं की कुणी बघत नाही."

ज्या एकाच व्यक्तीला ह्यातलं खरोखर कळत होतं, ती चर्चला येत नाही. रोक्सॅनचं व्हेपचं दुकान मासेमारीच्या आमिषांच्या दुकानाला लागून आहे आणि तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं आहे. ती म्हणाली, "नीट ऐक, डेल्मर. यंत्रात बॅटरी आहे, ते मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, आपल्याजवळ ठेवायचं. टाकी रिकामी करायची. रस ह्या छोट्या बाटल्यांत, ह्या पारदर्शक पिशवीत, उभ्या. वर गेल्यावर हवेच्या दाबानं गळतात, म्हणून काठोकाठ भरायच्या नाहीत. आणि विमानात ओढायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," डेल्मर म्हणाला.

"ह्याच्यापेक्षा वेगळं काही केलंस तर मला येऊन सांगू नकोस. मला त्रास होतो."

शहाणा माणूस रोक्सॅनचं ऐकून गप्प बसला असता. पण डेल्मर लॉइडच्या शेजारी राहतो, बर्निसच्या हातचं खातो आणि पाद्रीबुवांसमोर दर रविवारी बसतो. कुणी मनापासून सल्ला दिला आणि आपण तो वापरलाच नाही, तर कुणी भांडंभर गरम हॉटडिश शिजवून आणून द्यावं आणि आपण ते झाकणसुद्धा न उघडता परत करावं, तसलाच तो उद्धटपणा झाला. म्हणून डेल्मरनं ठरवलं, सगळ्यांचे सल्ले पाळायचे. जिल्ह्यातल्या एकोणीस गाड्यांचं वेळापत्रक बसवणाऱ्या माणसाला चार सल्ले बसवणं काय जड?

गोठवण्यानं सुरुवात झाली. रसाची मोठी बाटली गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये माशांच्या शेजारी तीन दिवस राहिली. गोठली नाही. मग ती अंगणात बर्फात पुरली. बाहेर उणे एकतीस होतं. त्या आठवड्यात लॉइडच्या गाडीची बॅटरी गोठली, त्याच्या अंगणातला नळ गोठला, चर्चच्या घंटेचा दोर गोठला. रस मात्र मधासारखा दाट झाला आणि तिथेच थांबला. लॉइड रोज सकाळी न्याहारीआधी येऊन बाटली उकरून काढायचा, उलटी करायचा आणि आतला बुडबुडा सावकाश वर चढताना पाहायचा.

"ह्यात काहीतरी रसायन आहे," चौथ्या दिवशी तो म्हणाला.

"रसायनच आहे ते, लॉइड."

"मग बरोबर," लॉइड म्हणाला. पण त्याचा चेहरा पडला होता, आणि तो पडला म्हणून डेल्मरला रात्रभर वाईट वाटत राहिलं. मिनेसोटाच्या थंडीला जे जमलं नाही त्याची जबाबदारी आपल्यावर आहे असं त्याला का वाटावं, हे मला सांगता येणार नाही. पण वाटलं.

मग तो रस बर्निसच्या सल्ल्यानं शाम्पूच्या चांगल्या ऐसपैस बाटलीत आणि ती बाटली हातातल्या बॅगेत गेली. यंत्र पाद्रीबुवांच्या सल्ल्यानं लोकरी मोज्यात आणि मोजा मोठ्या बॅगेच्या तळाशी गेला. रोक्सॅनचा मान राखायला तीन छोट्या बाटल्या पारदर्शक पिशवीत, उभ्या, अशा हातातल्या बॅगेत गेल्या. डेल्मरनं हे सगळं कागदावर लिहून त्यापुढे खुणा केल्या. मार्लिसनं तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "बरं आहे." आमच्याकडची बायको 'बरं आहे' म्हणाली की पुढे काहीही होऊ शकतं.

डलूथच्या विमानतळावर काउंटरला नेमकी जनेल होती. लॉइडच्या मेव्हणीची धाकटी.

"बॅगेत बॅटरीवालं काही नाही ना, डेल्मरकाका?" तिनं टाइप करता करता विचारलं.

दुसरा कुणी 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. डेल्मर म्हणाला, "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

मग ती बॅग काउंटरशेजारी जमिनीवर उघडली गेली आणि तळाशी असलेला मोजा सापडेपर्यंत एकेक वस्तू बाहेर आली. डेल्मरच्या आतून घालायच्या लांब लोकरी विजारी, चार. चर्चच्या बायकांनी विणलेलं मारेनचं पांघरूण. कर्स्टिनसाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले माशांचे गोठलेले तुकडे. मार्लिसची एक वस्तू, जिचं नाव घेण्याचं कारण नाही. मागे रांगेत डेल्मरच्या खात्याचे मोठे साहेब सपत्नीक उभे होते. सभ्य माणूस. त्यांनी विमानतळाच्या छताचं इतकं बारकाईनं निरीक्षण केलं की त्यांच्या बायकोनंही वर बघायला सुरुवात केली. मोजा सापडला. डेल्मरनं जनेलची माफी मागितली, साहेबांची मागितली, साहेबांच्या बायकोची मागितली आणि व्हेप मोज्यासकट खिशात घातला.

सुरक्षा तपासणीला जो अधिकारी होता त्याच्या छातीवर डीमार्को असं नाव होतं. तीनच आठवड्यांपूर्वी तो न्यूजर्सीहून बदलून आलेला. ह्या एका गोष्टीचा विचार कुणाच्याच सल्ल्यात नव्हता.

डीमार्कोनं शाम्पूची बाटली उचलली. "हे काय आहे?"

"शाम्पू," डेल्मर म्हणाला. हे खोटं त्यानं जवळजवळ चार सेकंद टिकवलं. "म्हणजे बाटली शाम्पूची आहे. आत शाम्पू नाही."

"मग आत काय आहे?"

"व्हेपचा रस. बटरस्कॉच. मी आधी गोठवून बघितला होता."

"गोठवून का?"

"लॉइडला वाईट वाटलं असतं."

डीमार्कोनं बाटलीकडे पाहिलं, मग डेल्मरकडे आणि मग मार्लिसकडे. मार्लिस पट्ट्यावरून आलेले आपले बूट घालण्यात फार गुंतली होती. त्यानं बाटलीचं झाकण उघडून वास घेतला, दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं, त्यानंही घेतला. बाटलीवर कागदाची पट्टी फिरवून ती तपासणीच्या यंत्रात घातली गेली. मागे रांग वाढत चालली. रांगेतलं कुणी काही बोललं नाही, आमच्याकडे कुणी बोलत नाही, पण ते न बोलणं डेल्मरच्या मानेवर चढत गेलं. आपल्या एकट्यापायी एवढी माणसं खोळंबली, ह्याहून मोठी नामुष्की त्याला माहीत नाही.

"ऐका साहेब," शेवटी डीमार्को म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "एवढी मोठी बाटली जाणार नाही, ही मी टाकतोय. छोट्या तीन ठीक आहेत. आणि हे मोज्यातलं यंत्र, हे नेता येतं. नेताय ना?"

डेल्मरला हे ऐकून इतकं हायसं वाटलं, इतकी कृतज्ञता वाटली, की तोंडातून आपोआप जे यायचं तेच आलं.

"नको नको. राहू दे."

"राहू दे?" डीमार्कोच्या भुवया वर गेल्या. "अहो, नेता येतं म्हणतोय मी. शेवटचं विचारतो, नेताय की टाकू?"

'शेवटचं' हा शब्द डेल्मरनं ऐकला, पण मनावर घेतला नाही. दुसऱ्यांदा विचारताना कुणी शेवटचं विचारत असतं का?

"तुम्हाला जे सोपं पडेल ते," तो नम्रपणे म्हणाला.

डीमार्कोला सोपं काय पडलं ते सांगायला नको. मोजा, मोज्यातला व्हेप आणि शाम्पूची बाटली एकामागून एक पिंपात पडली. डेल्मर हसतमुखानं तिथेच उभा राहिला. तो तिसऱ्या विचारण्याची वाट बघत होता. 'बरं, तुमचा आग्रहच असेल तर' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं.

"पुढे चला साहेब," डीमार्को म्हणाला. "पुढचे!"

दोघं नवराबायको विमानाच्या फाटकाजवळच्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

"त्यानं तुला सरळ विचारलं, डेल्मर," मार्लिस म्हणाली. "दोनदा विचारलं बिचाऱ्यानं!"

"दोनदाच विचारलं!" डेल्मर म्हणाला. त्याच्या आवाजात खरं दुःख होतं. "दोनदाच, मार्लिस. अशा माणसाला लोकांसमोर कसं बसवतात?"

"तू परत जा आणि मागून घे."

"पिंपातून? त्याला काय वाटेल?"

मार्लिसनं पर्समधून विणकाम काढलं. ती चिडली की उलट्या टाक्यांचं विणते.

मिनियापोलिसला विमान बदलायचं होतं. तोवर शेवटचा झुरका घेऊन पाच तास झाले होते आणि डेल्मरला विमानतळावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे बघून मुद्दाम खोकतोय असं वाटायला लागलं होतं. मार्लिसनं दुकानातून निकोटिनचं च्युइंगगम आणलं. सावकाश, एक एक चावायचं, असं त्यावर लिहिलं होतं. डेल्मरनं घाईत चार चावली आणि त्याला उचकी लागली. साधी उचकी नव्हे. तिला आवाज होता आणि तिच्याबरोबर खुर्ची हलत होती. तीन तासांच्या प्रवासात ती थांबली नाही. शेजारच्या बाईंनी पाणी पेल्याच्या पलीकडच्या काठानं प्यायला लावलं, पुढच्या गृहस्थांनी अचानक मागे वळून 'भॉ' केलं. डेल्मरनं दोघांचे आभार मानले आणि दोघांच्या समाधानासाठी दर वेळी पाव मिनिट श्वास रोखून 'थांबली वाटतं' असंही म्हटलं. मग ती परत यायची आणि त्याला त्यांची माफी मागावी लागायची.

तल्लफ फारच झाली, तेव्हा त्यानं पिशवीतली एक छोटी बाटली काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. रस होता, ओढायला यंत्र नव्हतं, पण निदान वासावर भागेल. रोक्सॅननं बाटल्या उभ्या ठेवायला सांगितल्या होत्या आणि खिशात ती उभीच होती. पण डेल्मर उचक्या देता देताच पुढे वाकून झोपला, आणि झाकण त्यानं वास घ्यायला ढिलं करून ठेवलं होतं. पस्तीस हजार फुटांवर हवेच्या दाबाला एवढं निमित्त पुरलं. जागा झाला तेव्हा खिसा, शर्ट आणि कोटाचं अस्तर बटरस्कॉचमध्ये भिजून चिकट झालं होतं आणि मागच्या चार रांगांत तोच वास दरवळत होता.

"किती छान वास येतोय!" शेजारच्या बाई म्हणाल्या. "केक आणलाय का?"

तेवढ्यात हवाईसुंदरी आली. पन्नाशीची, चष्मा साखळीला अडकवलेला. ती वाकून हळू आवाजात म्हणाली, "साहेब, तुम्ही मगाशी स्वच्छतागृहात गेला होतात. आत व्हेप ओढलात का?"

आता माणसानं काय करावं? अख्ख्या विमानात जर कुणी एकटा असा होता की ज्याला व्हेप ओढणं शक्यच नव्हतं, तर तो डेल्मर क्विस्ट.

"बाई," तो म्हणाला, आणि उचकी आली. "ओढायला माझ्याकडे." उचकी. "असता तर." उचकी. "मी असा दिसलो असतो का?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्वच्छतागृहातला धुराचा भोंगा वाजला नव्हता हे तिला आठवलं असावं, कारण ती गेली आणि ओल्या कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन आली. "आणखी आणू?" तिनं विचारलं. डेल्मर 'नको' म्हणणार तोच मार्लिस त्याच्या अंगावरून वाकून म्हणाली, "आणा."

टूसॉनला उतरले तेव्हा उचकी थांबली होती आणि माणूसही जवळजवळ संपला होता. बाहेर लख्ख दुपार, कडक ऊन. मार्लिस सामानाच्या पट्ट्यापाशी थांबली आणि डेल्मर 'जरा हवा खाऊन येतो' म्हणून बाहेर पडला. भिंतीच्या टोकाला एक उंच माणूस भिंतीला पाठ टेकून सिगरेट ओढत होता. डेल्मर हवा खायला नेमका त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. योगायोग म्हणायचा. शेवटच्या झुरक्याला साडेनऊ तास झाले होते. त्या माणसानं सोडलेला धूर डेल्मरच्या तोंडावरून गेला आणि त्याला छत्तीस वर्षं एकदम आठवली.

त्या माणसानं त्याच्याकडे पाहिलं. डेल्मरचा चेहराच तसा झाला असणार, कारण त्यानं खिशातून पाकीट काढलं, एक सिगरेट बोटभर वर सरकवली आणि पुढे केली. "घ्या. हवीय ना?"

मारेन, बाप्तिस्मा, वडिलांची ती खोली, सगळं डेल्मरच्या डोक्यात होतं, असं मला लिहायला आवडलं असतं. नव्हतं. त्याच्या डोक्यात ती सिगरेट होती, दुसरं काही नव्हतं.

"नको नको," तो म्हणाला.

"बरं," तो माणूस म्हणाला आणि त्यानं पाकीट खिशात ठेवून दिलं.

डेल्मर बघत राहिला. ह्या मुलखात तिसऱ्यांदा सोडा, दुसऱ्यांदाही विचारत नव्हते. तो तिथेच उभा राहिला, एक मिनिट, दोन मिनिटं, त्या खिशाकडे बघत, चेहऱ्यावर शक्य तेवढं सौजन्य ठेवून. आणि तेवढ्यात समोर गाडी येऊन थांबली. काच खाली होती. कर्स्टिननं आपल्या बापाला बघितलं, त्याच्या शेजारच्या माणसाला बघितलं आणि त्या माणसाच्या हातातल्या सिगरेटीला बघितलं.

ती उतरली. मिठी मारायला हात पसरून आली आणि एका पावलावर थबकली. नाक पुढे.

"बाबा. धुराचा वास येतोय."

"तो ह्यांचा आहे."

"आणि हा बटरस्कॉचचा?"

"तो माझा आहे."

एव्हाना मार्लिस सामानाची गाडी ढकलत तिथे पोचली होती, सामानावर ओल्या रुमालांचा उरलेला गठ्ठा. मागच्या सीटवर मारेनच्या पाळण्यातून एक बारीकसा पाय वरखाली होत होता. डेल्मरला त्या पायाखेरीज दुसरं काही दिसेना.

"ओढलीस?" कर्स्टिननं विचारलं. तिचा आवाज जराही चढला नव्हता.

"नाही. त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं."

कर्स्टिननं त्या माणसाकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवून होकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा उजळला. "बाबा!" ती म्हणाली. "एवढ्या प्रवासानंतर? व्हेप कुठाय तुझा?"

"त्यांनी घेतला."

"आणि तरी नको म्हणालास! मला वाटलंच नव्हतं रे. शाब्बास."

इथे गप्प बसायचं होतं. लेक कौतुक करतेय, बायको ऐकतेय, सकाळपासून पायदळी तुडवलेली अब्रू आयती उचलून हातात येतेय. डेल्मरनं तोंड उघडलं. मार्लिसनं डोळे मिटून घेतले, कारण ती त्याला एकतीस वर्षं ओळखते.

"नाही गं, तसं नाही," तो म्हणाला. "मी आपला सवयीनं नको म्हटलं. परत विचारलं असतं तर घेतली असती. मी वाटच बघत होतो तो विचारतो का म्हणून. आत्ता तू आलीस ना, तेव्हासुद्धा." त्यानं मान खाली घातली. "तुला हवं तर रविवारी मारेनला दुसऱ्या कुणाकडे दे. मी मागे बसेन. मला चालेल."

त्याला चालणार नव्हतं. ते तिथे उभ्या असलेल्या चौघांनाही कळत होतं, त्या अनोळखी माणसासकट. त्यानं सिगरेट विझवली आणि टोपी काढली.

कर्स्टिननं गाडीतल्या त्या हलणाऱ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आजोबा मला रोज सांगायचे, सोडली म्हणून. मी दाराशी बसलेली असायचे ना. उशीखाली पाकीट असायचं त्यांच्या. रोज सांगायचे, आणि मी रोज खरं मानायचे." तिनं नाक ओढलं. "मला तू एकदा तरी खरं सांगावंस एवढंच हवं होतं, बाबा. काढ तो कोट."

"काय?"

"कोट काढ. शर्टही काढ. ते सगळं निकोटिन आहे. आणि हात धू, आईकडे ओले रुमाल आहेत."

आणि मग टूसॉनच्या विमानतळासमोर, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, जिल्ह्याच्या रस्ते खात्यातला एकोणसाठ वर्षांचा जबाबदार माणूस लोकरीच्या पांढऱ्या बनियनवर उभा राहिला. मार्लिसनं त्याचे हात कोपरापर्यंत पुसले, गळा पुसला. कर्स्टिननं मारेनला पाळण्यातून काढली आणि दुपट्यासकट त्याच्या हातांत ठेवली.

पिठाच्या पिशवीचा सराव अगदीच निरुपयोगी निघाला. पिशवी हलत नाही. ही हलत होती, वळवळत होती, तिनं त्याच्या बनियनचा काठ मुठीत घट्ट धरला, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि मग त्याच्या गळ्याशी डोकं टेकून झोपून गेली. डेल्मरला रडू आलं. त्यानं ते पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. तिच्या मागच्यानंही. पिवळ्या जाकिटातला एक माणूस लांबून हात हलवत, 'गाडी काढा, गाडी काढा' म्हणत यायला लागला. बघता बघता सहा गाड्यांची रांग लागली.

"डेल्मर," मार्लिस म्हणाली, "लोक खोळंबलेत."

डेल्मरनं मान वर केली नाही.

"खोळंबू देत," तो म्हणाला.